आपले कोणी नसलेले सामने

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी नांदेड येथे केलेले भाषण)



ज्ञातीच्या उन्नतीविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची सूचना होती. तो विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून अनेक वार मांडलेला आहे; म्हणून आज आम्ही वरकरणी हलका वाटणारा एक विषय निवडला आहे. ज्या सामन्यात आपल्या गावचा, जिल्ह्याचा अथवा देशाचा कोणीही खेळत नाही, असा सामना मनुष्याने का पाहावा, आणि पाहिल्यास त्याच्या पदरी काय पडते, हा तो विषय होय. उन्नतीशी त्याचा संबंध आहे की नाही, हे अखेरीस आपणच ठरवावे.

आपला संघ खेळत असता आपण खेळ पाहतो, असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः त्या वेळी आपण निकाल पाहत असतो. चेंडू आपल्या बाजूने गेला की हर्ष, विरुद्ध गेला की विषाद. पंचाचा निर्णय प्रतिकूल झाला की पंच आंधळा, अनुकूल झाला की तोच पंच न्यायनिष्ठुर. प्रतिपक्षाने एखादी सुंदर चाल केली, तर तिचे सौंदर्य आपल्या ध्यानी येत नाही. आपणांस ते केवळ संकट भासते. यात दोष कोणाचा नाही. प्रेमाची रीतच तशी आहे. परंतु प्रेमाने झाकलेल्या डोळ्यांस जे दिसत नाही, ते पाहण्याची संधी कधी तरी मिळावी लागते.

ही संधी नांदेडकरांस वर्षानुवर्षे आपल्या दारी मिळत आलेली आहे. पौष महिन्याच्या गारठ्यात, गुरू गोविंदसिंगजींच्या जयंतीच्या सुमारास, येथे त्यांच्या नावाने गोल्ड अँड सिल्व्हर कपाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते. पंजाब, दिल्ली, मुंबई, हैदराबाद अशा दूरदूरच्या ठिकाणांहून संघ येतात. सैन्यदलांचे व पोलिसांचे संघही येतात. खालसा हायस्कुलाच्या मैदानाभोवती शाळकरी मुले, रिक्षावाले, दुकान लवकर बंद करून आलेले व्यापारी आणि गुरुद्वाराच्या दर्शनास आलेले यात्रेकरू असा संमिश्र समाज जमतो. ज्या दिवशी स्थानिक संघ मैदानात नसतो, त्या दिवशी या समाजापैकी बहुतेकांचे दोन्ही संघांशी काडीचेही नाते नसते. तरीही माणसे सूर्य मावळेपर्यंत हलत नाहीत.

अशा एका दिवशी आम्ही तेथे होतो. पंजाबाकडचा एक संघ आणि सैन्यदलातला एक संघ यांची गाठ होती. आरंभी आमचे लक्ष चेंडूच्या मागेच होते. मग, जिंकण्याहरण्याची चिंता नसल्यामुळे, नजर हळूहळू चेंडूपासून सुटली आणि ज्याच्याकडे चेंडू नाही त्या खेळाडूवर स्थिरावली. बचावफळीतला एक उंच खेळाडू फारसा धावत नव्हता. तो दोन पावले मागे, एक पाऊल डावीकडे, एवढेच सरकत असे. आणि प्रत्येक वेळी चेंडू नेमका त्याच्याच काठीपाशी येई. चेंडू कोठे जाणार हे त्यास आधी कळत होते. आपला संघ खेळत असता, तर हा मनुष्य आमच्या दृष्टीस पडला नसता. उत्तरार्धात सैनिकांच्या गोलरक्षकावर एकापाठोपाठ एक पेनल्टी कॉर्नर आले. त्याने कित्येक परतविले. अखेर एक आत गेलाच, आणि त्याचा संघ हरला. सामना संपल्यावर तो गोलापाशी एकटाच पायांचे पॅड सोडीत बसला होता. तेव्हा कडेला उभ्या असलेल्या नांदेडच्या पोरांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांचा नाद विजेत्यांसाठी झालेल्या गजरापेक्षा लहान होता. परंतु तो आमच्या अधिक लक्षात राहिला, कारण त्यामागे कोणतेही नाते नव्हते.

हॉकीकडून आता आपल्या मातीतल्या खेळाकडे वळू. लोहे तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि महाशिवरात्रीस भरणारी लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, या दोन्ही ठिकाणी कुस्त्यांचा फड लागतो. प्रथम लहान पोरांच्या कुस्त्या, मग इनामाची रक्कम चढत जाते, आणि दिवस कलता कलता मानाची कुस्ती लागते. हलगी कडाडते, दोन मल्ल मातीला हात लावून समोरासमोर येतात, आणि कडेला बसलेल्या मंडळींत कुजबूज सुरू होते : “पैलवान कुठला? कोणत्या तालमीचा?” आणि मग त्याहून हलक्या आवाजात, “कोणाचा?”

या “कोणाचा?” या प्रश्नाचा अर्थ येथे बसलेल्या कोणासही समजावून सांगावयास नको. तो प्रश्न आपण सोयरीक जुळविताना विचारतो, मतदान करताना विचारतो, आणि पुष्कळदा विचारण्याचे कारण नसतानाही विचारतो. फडातली गंमत अशी की उत्तर जर “आपला नाही, त्यांचाही नाही, दोघेही लांबचे” असे आले, तर प्रश्न विचारणारा क्षणभर निराधार होतो. आता धरावे कोणास? मग नाइलाजाने तो कुस्तीच पाहू लागतो. एकाने पट काढला, दुसरा सुटला; एकाने ढाक लावली, दुसऱ्याने ती हवेतच मोडली; घिस्सा बसता बसता राहिला. पाच-दहा मिनिटांत त्याची निवड झालेली असते. वाकून बसलेला, दमलेला, तरीही खांदे मातीला टेकू न देणारा जो मल्ल, त्याच्याकडे त्याचे मन ओढले जाते. ही निवड जन्म पाहून झालेली नसते. कर्तृत्व पाहून झालेली असते. आणि कुस्ती निकाली झाली की हाच मनुष्य खिशातली नोट काढून पडलेल्या मल्लाच्याही हातावर ठेवतो. असे हात आम्ही माळेगावी पाहिले आहेत.

याचा अर्थ आपल्या माणसाच्या यशाचा आनंद लटका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १९६९ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा लातुरात झाली आणि निलंगे तालुक्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी ती गदा जिंकली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या अभिमानाची ऊब लातूरकर अद्यापि सांगतात, आणि ती सांगावीच. तो घरच्या दिव्याचा प्रकाश आहे. आमचे म्हणणे इतकेच की घरच्या दिव्याने घरच दिसते. रस्ता दिसावा म्हणून दाराबाहेर यावे लागते.

शिवाय, हे “आपले” म्हणजे तरी काय, याचाही विचार करण्याजोगा आहे. हैदराबाद शहर पोलिसांच्या फुटबॉल संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या काळी नांदेड हैदराबाद राज्यात होते. म्हणजे तो आपल्याच राज्याचा संघ होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एका रात्रीत हैदराबादचा संघ परका झाला आणि मुंबईचा आपला झाला. खेळाडूंच्या पायांतले कसब मात्र तेच होते. बिराजदारांनी गदा जिंकली तेव्हा लातूर व निलंगे ही गावे उस्मानाबाद जिल्ह्यात होती. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. आज दोन्ही जिल्हे त्यांना आपले म्हणू शकतात, आणि दोन्ही खरे आहेत. सीमा सरकतात, जिल्ह्यांची नावे पालटतात. गुण आहे तेथेच राहतो.

आता थोडे दूरदेशी जाऊ. डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलिया व वेस्ट इंडीज यांच्यात जो कसोटी सामना झाला, त्याची वर्णने आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. शेवटच्या षटकात ऑस्ट्रेलियास ६ धावा हव्या होत्या आणि ३ गडी शिल्लक होते. तेथे त्या वेळी षटक ८ चेंडूंचे असे. सातव्या चेंडूवर सॉलोमनने बाजूने फेक करून यष्टी उडविली, शेवटचा गडी धावबाद झाला, आणि दोन्ही संघांच्या दोन डावांतील धावा ७३७–७३७ अशा समसमान ठरल्या. कसोटीच्या इतिहासातील हा पहिला बरोबरीचा सामना. परंतु आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ती मालिका फ्रँक वॉरेलच्या वेस्ट इंडीज संघाने २–१ अशी गमावली. तरीही फेब्रुवारी १९६१ मध्ये मेलबर्नच्या रस्त्यांवर हजारो लोक या पराभूत पाहुण्यांना निरोप देण्यासाठी लोटले. जिंकलेल्या यजमानांनी हरलेल्या परक्यांची मिरवणूक काढावी, असे दृश्य खेळाच्या जगातही विरळाच.

दुसरे उदाहरण अलीकडचे. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंड व न्यूझीलंड यांच्यात झाला. भारत उपांत्य सामन्यातच बाहेर पडला होता, म्हणून आपल्याकडील पुष्कळांनी दूरदर्शन संच बंद केले. ज्यांनी ते बंद केले नाहीत, त्यांनी आयुष्यभर पुरेल असा सामना पाहिला. दोन्ही संघांच्या धावा २४१. मग एकेक जादा षटक, तेथेही १५–१५. आणि अखेर अधिक चौकार-षटकार मारल्यामुळे इंग्लंड विजयी. हा नियम त्याच वर्षी पुढे बदलण्यात आला. इंग्लंडला तारणारा बेन स्टोक्स जन्माने न्यूझीलंडचा. “कोणाचा?” या प्रश्नाचे उत्तर तेथे कोण देणार? आणि न्यूझीलंडचा कर्णधार विल्यम्सन ज्या शांतपणे तो निकाल स्वीकारून उभा राहिला, त्याचे कौतुक येथील घराघरांत झाले. तो तर आपला कोणीच नव्हता.

असे सामने पाहून सवय लागली की ती आपल्या सामन्यातही उपयोगी पडते. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. पराभव जिव्हारी लागणारा होता. तरीही प्रेक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी पाहुण्या संघास टाळ्यांची मानवंदना दिली. त्या दिवशी चेन्नईकरांचे स्वदेशप्रेम कमी झाले होते, असे कोण म्हणेल? त्यांचे प्रेम जागेवरच होते. त्याच्या जोडीला डोळेही उघडे होते.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ “आपले” या शब्दावर उभे आहे. त्या शब्दाने आपल्या मुलांना वसतिगृहात जागा मिळाली, पुस्तके मिळाली, अडल्यानडल्या घरांना हात मिळाला. तो शब्द आम्हांस प्रिय आहे. परंतु ज्या संस्थेचा पाया “आपले” हा आहे, तिनेच “आपले नसलेले” गुण ओळखण्याची सवय अधिक जपली पाहिजे. अन्यथा आपल्या मुलास मिळालेली प्रत्येक शाबासकी नात्याची की गुणाची, हे त्याचे त्यासही कधी कळणार नाही. आणि ज्यास हे कळत नाही, तो बाहेरच्या फडात उतरताना आतून डळमळतो.

म्हणून आमची कार्यकारिणीस एक नम्र सूचना आहे. दरवर्षी आपण ज्ञातीतील गुणवंतांचा सत्कार करतो, तो तसाच चालू राहावा. त्याच्या जोडीला पुढील वर्षापासून एक पारितोषिक असे असावे की ते नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील, ज्ञातीबाहेरच्या एका होतकरू खेळाडूस दिले जावे, आणि त्याची निवड करणाऱ्यांनी त्याचे आडनाव न पाहता त्याचा खेळ मैदानावर जाऊन पाहावा. मंडळाचा निधी सभासदांनी सभासदांसाठी जमविला आहे, हा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. म्हणून पहिल्या ३ वर्षांचा खर्च आम्ही स्वतः उचलण्यास सिद्ध आहोत. त्यानंतर ते चालवावे की बंद करावे, हे सभेने ठरवावे.

विद्यार्थी मित्रांस इतकेच सांगतो : वर्षातून एक तरी सामना असा पाहा की ज्यात तुमचे कोणी नाही. घरी आल्यावर वडीलधारी मंडळी विचारतील, “कोण जिंकले?” त्याचे उत्तर द्या, आणि मग कोण कसे खेळले, तेही त्यांना न विचारता सांगा.