अम्मीची वाकळ

जुन्या जालन्यात आमचं माळवदाचं घर होतं. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीची घरं कोसळून हजारो माणसं गेली आणि मराठवाडाभर माळवदाखाली झोपायची धास्ती बसली. काही वर्षांनी आम्हीही ते उतरवलं, जालन्याच्याच सळया घालून स्लॅब टाकला.

घर मजबूत झालं, पण आपलं वाटेना. सोफा आणला, पडदे लावले. (त्यांचा रंग मला कधीच पसंत नव्हता.) अम्मी म्हणाली, "बेटा, ये तो दवाखाना लगता." नव्या पलंगावर ती झोपेचना.

मग तिनं ट्रंकेतून वाकळ काढली. तिच्या जुन्या साड्या, अब्बांची लुंगी, माझा शाळेचा सदरा, सगळं थरावर थर देऊन धावदोऱ्यानं शिवलेलं. उतरवलेल्या तुळईची फळी मी भिंतीत बसवली. तिच्यावर अब्बांचा कंदील ठेवला. त्या रात्री अम्मी पलंगावर झोपली. घर सजवायला निघालेल्यांना म्हणूनच सांगतो, दुकानात जाण्याआधी ट्रंक उघडा.

आता अम्मी नाही. वाकळीचा एक कोपरा उसवलाय. बायको सुई घेऊन तयार आहे; तिच्या दोऱ्याच्या रंगाचा दोरा मात्र मला अजून मिळालेला नाही.