चिंता, झोप आणि मेंदूतील रसायने
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकात आमचा अधिकार नाही. तथापि रुग्णालयाचा कारभार पाहताना डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपणापुढे ठेवीत आहोत.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बरीच माणसे निजलेली होती. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता असतानाच २३ जुलै रोजी शोधकार्य थांबवावे लागले. अशा आघातानंतर पावसाची सर ऐकताच झोप उडणे, हा भित्रेपणा नव्हे. त्यामागे शरीराचे कारण असते.

धोका जाणवताच मेंदूच्या बुंध्यातील एका लहानशा केंद्रातून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे जागृतीचे रसायन स्रवते. त्याचबरोबर हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते. मग रक्तात कॉर्टिसॉल वाढते. एरवी हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते व पहाटे चढते. चिंता दीर्घकाळ टिकली, की ते रात्रीही पुरेसे उतरत नाही. मेंदूला शांत करणारे ‘गाबा’ हे रसायन जागृतीच्या केंद्रांपुढे अपुरे पडते. झोप उशिरा लागते, वारंवार मोडते. अपुऱ्या झोपेने पुढल्या संध्याकाळी कॉर्टिसॉल आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

दरडग्रस्तच नव्हे, तर कर्जतहून पहाटेची लोकल गाठणारे नोकरदार, खोपोलीच्या कारखान्यांतील रात्रपाळीचे कामगार आणि कर्जाच्या काळजीत असलेली कुटुंबेही या चक्रात सापडू शकतात. काहीजण दारूचा आधार घेतात. तिने डोळा लवकर लागतो. पण उत्तररात्री झोप मोडते. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दुपारनंतर चहा टाळावा. दीर्घकालीन निद्रानाशावर झोपेच्या सवयी व विचार बदलणारी समुपदेशन पद्धती हा पहिला उपचार मानला जातो. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आधारासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे. यंत्रसामग्रीसाठी आपण सदैव हात पुढे केलात. आता समुपदेशकाच्या मानधनासाठी आणि रुग्णाच्या उशाशी रात्र जागून काढणाऱ्या नातेवाइकांच्या विसाव्याच्या खोलीसाठीही साह्य व्हावे. या खर्चाची पाटी भिंतीवर लागणार नाही. पण त्यातून कुणाला तरी निर्धास्त झोप लाभेल.