लसीकरण : शंका, अफवा आणि आपले कर्तव्य



२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरली, बालके दगावली. कोविडकाळात चुकलेल्या मात्रा आणि ‘लसीने वंध्यत्व येते’ यांसारख्या निराधार अफवा, दोहोंनी रोगाला वाट करून दिली.

गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ असुरक्षित व्यक्तींना बाधा करू शकतो. म्हणूनच ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळणे अगत्याचे आहे. नियमित लसीकरणात पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर मिळते. तोवर तान्ह्या बाळाचे रक्षण शेजारच्या मुलाने घेतलेल्या लशीवर अवलंबून असते. नकार हा त्यामुळे एका घराचा प्रश्न राहत नाही.

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बाळाला ताप आला, तर आईची मजुरी बुडते. तिची शंका अडाणीपणाची नव्हे. ताप येऊ शकतो, हे तिला आधीच सांगावे. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारपूस करावी. घरोघरी अशा संवादातूनच २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. हा वारसा जपणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.