उंच इमारतीविषयी दोन मिनिटे : इंग्रजी संभाषणाची तयारी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी खंडाळा, शिरवळ, लोणंद या बाजारपेठांतील घरचा मुलगा पुण्याच्या महाविद्यालयात दाखल झाला, तरी तो फार लांब गेला असे घरच्यांना वाटे. आज त्याच घरांतील नातवंडे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंडचे अर्ज भरीत असतात. त्या अर्जांच्या वाटेवर बहुधा एक परीक्षा उभी असते. १९८९ साली सुरू झालेली ही परीक्षा ‘आयईएलटीएस’ या नावाने सर्वपरिचित आहे. तिचे शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक असते आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. वाचन, लेखन व श्रवण यांचा सराव घरी बसून करता येतो. घाम फुटतो तो चौथ्या भागाला. तिथे परीक्षकासमोर अकरा ते चौदा मिनिटे इंग्रजीत बोलावे लागते.

या संभाषणाच्या मधल्या टप्प्यात विद्यार्थ्याच्या हाती एक कार्ड दिले जाते. त्यावरील विषयांपैकी एक असा : शहरातील एखाद्या उंच इमारतीचे वर्णन करा. ती कुठे आहे, कशासाठी वापरली जाते, कशी दिसते, ती का आवडते अथवा का आवडत नाही, ते सांगा. विचाराला एक मिनिट, बोलायला एक ते दोन मिनिटे. पुढची चार-पाच मिनिटे परीक्षक त्याच विषयाच्या अनुषंगाने प्रश्न विचारतो.

खंडाळा तालुक्यातील मुलाला हे कार्ड मिळाले की तो गडबडतो. गावात देवळाचे शिखर उंच, खंबाटकीचा डोंगर उंच. इमारत म्हणावी अशी उंच वास्तू कुठली? म्हणून तो दुबईच्या बुर्ज खलिफाचे तयार उत्तर पाठ करतो. उंची ८२८ मीटर, उद्घाटन २०१० साली, सारे बिनचूक. मग परीक्षक सहज विचारतो, तिथे गेला होतास का? पायथ्याशी उभे राहून वर पाहिल्यावर काय वाटले? पाठांतरात याचे उत्तर नसते. मूल थांबते, आणि आधीची दोन मिनिटे पोपटपंचीची होती हेही परीक्षकाच्या ध्यानात येते. असे प्रश्न तो त्यासाठीच विचारतो.

या परीक्षेत गुण चार गोष्टींना आणि समसमान मिळतात : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. इमारत किती मीटरची, याला गुण नाहीत. जगातील सर्वांत उंच इमारत निवडली म्हणून अर्धा गुणही वाढत नाही. वाढतो तो पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलताना जी शब्दांची आपसूक रांग लागते, तिच्यामुळे. तेव्हा निवड अशा वास्तूची करावी की जिच्याविषयी घरात, समाजात आधीच काही बोलले गेले आहे.

अशी एक वास्तू मुंबईत फोर्ट भागात, ओव्हल मैदानासमोर उभी आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. उंची सुमारे २८० फूट. आजच्या गगनचुंबी इमारतींपुढे ती ठेंगणी वाटेल. पण त्या काळच्या मुंबईत तिच्याहून उंच काही नव्हते. तिचा आराखडा केला इंग्लंडचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, आणि तोही मुंबईत एकदाही पाऊल न ठेवता. कुर्ल्याच्या फिकट पिवळसर दगडात ती बांधलेली आहे. आत गोल जिना आहे, खिडक्यांना रंगीत काचा आहेत, बाहेरच्या अंगाला पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांतील माणसांचे पुतळे आहेत. खाली विद्यापीठाचे ग्रंथालय आणि वर घड्याळ.

या टॉवरसाठी त्या काळचे दोन लाख रुपये दिले ते प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने. मूळचे सुरतेचे हे गृहस्थ कापसाच्या आणि शेअरच्या व्यापारात मुंबईचे अनभिषिक्त राजे समजले जात. देणगीची अट एवढीच की टॉवरला आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे. पुढे १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांचेही अपरिमित नुकसान झाले. टॉवरचे काम मात्र १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. २०१५ मध्ये त्याचे जतनकार्य पार पडले आणि २०१८ मध्ये परिसरातील इतर वास्तूंसह त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आजच्या विषयाला साजेशी आणखी एक गोष्ट : शेअर दलालांमध्ये इंग्रजी बोलता, वाचता व लिहिता येणारे पहिले ते प्रेमचंदच, असे मुंबई शेअर बाजाराच्या इतिहासात सांगितले जाते. परकी भाषा शिकल्याने त्यांच्या आचारात काही उणे आले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

एक आख्यायिकाही आहे. राजाबाईंना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नेम होता. कोणाला न विचारता वेळ कळावी म्हणून मुलाने घड्याळाचे टोले योजले. ही आख्यायिकाच आहे, तिला इतिहास म्हणू नये. पण परीक्षेच्या दृष्टीने ती मोलाची आहे, कारण इंग्रजीत ऐकीव गोष्ट सांगण्याची रीत निराळी. ‘इट वॉज बिल्ट इन एटीन सेव्हन्टी-एट’ ही नोंद झाली. ‘इट इज सेड दॅट हिज मदर कुड नॉट सी’ ही दंतकथा झाली. दोन्ही वाक्ये एकाच उत्तरात आली की परीक्षकाला भाषेवरची पकड दिसते. व्याकरणाच्या गुणांसाठी निरनिराळे काळ वापरावे लागतात, तेही या एकाच वास्तूत सापडतात. टॉवर बांधला गेला, हा भूतकाळ. तो मैदानासमोर उभा आहे, हा वर्तमान. ‘इट हॅज बीन रिस्टोअर्ड’ हा पूर्ण वर्तमानकाळ, आणि पुढच्या भेटीत काय पाहणार, तो भविष्यकाळ.

‘चौविहार’ला इंग्रजी शब्द कोणता, या विचारात पुष्कळ मुले अडकतात. शब्द शोधूच नये. ‘मेनी जैन्स डोन्ट ईट ऑर ड्रिंक आफ्टर सनसेट’ एवढे सरळ वाक्य पुरते. नेमका शब्द ठाऊक नसताना अर्थ पोहोचविणे, यालाच शब्दसंपत्तीच्या रकान्यात गुण आहेत. अवघड शब्द पेरण्याने उलट नुकसान होते. शब्दकोशातून उचललेला शब्द वाक्यात पाहुण्यासारखा अवघडून बसतो आणि ते लगेच दिसते.

आता मराठी बोलणाऱ्याच्या ठरलेल्या चुका. सर्वांत फसवा शब्द ‘समोर’. मैदानाच्या समोर, रस्त्यापलीकडे तोंडाला तोंड, यासाठी इंग्रजीत ‘ऑपोझिट’. ‘इन फ्रंट ऑफ’ म्हणजे पुढ्यात, मध्ये रस्ता नसताना. मराठीत एका शब्दात भागते, म्हणून मुले दोहोंची गल्लत करतात. ‘उंच’चेही तसेच. इमारत ‘टॉल’, पण छत ‘हाय’ आणि राहण्याचा मजलाही ‘हाय फ्लोअर’. तिसरी चूक ‘इट इज हॅविंग ट्वेन्टी फ्लोअर्स’. इमारतीला वीस मजले असतात, ते कायमचे असतात. तेव्हा ‘इट हॅज’. मजल्यांच्या मोजणीतही जपावे. ब्रिटिश पद्धतीत आपल्यासारखाच तळमजला आधी आणि पहिला मजला त्याच्यावर. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात.

उच्चारांविषयी गैरसमज फार. गोऱ्या साहेबासारखे बोलावे, अशी परीक्षेची अपेक्षा नाही. ऐकणाऱ्याला सहज कळावे, एवढीच आहे. दोन गोष्टींनी मोठा फरक पडतो. मराठीतला एक ‘व’ इंग्रजीत दोन ठिकाणी विभागला जातो. ‘व्ह्यू’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘विंडो’ म्हणताना ओठ गोल होतात, दात लागत नाहीत. आरशासमोर पाच मिनिटे पुरेत. दुसरी गोष्ट आघाताची. मराठीत अक्षरे बहुधा सारख्या जोराने येतात, इंग्रजीत एकावर जोर पडतो. ‘युनिव्हर्सिटी’मध्ये ‘व्हर्’वर, ‘लायब्ररी’मध्ये ‘लाय’वर.

अखेरच्या टप्प्यात मताची विचारणा होते. शहरात उंच इमारती का वाढतात? तिथे राहणे चांगले की वाईट? येथे ‘येस’ म्हणून थांबणारा विद्यार्थी हातचे गुण घालवितो. मत, त्याचे कारण आणि एक उदाहरण, एवढे यावे. मुंबईला तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढले आहे, जागा आडवी वाढेना म्हणून शहर उभे वाढले, हे एक कारण. उलट बाजूही मुलांनी स्वतःच्या जिल्ह्यातून काढावी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने सातारा जिल्हा हादरला होता. त्या पिढीतील आजी-आजोबा तेराव्या मजल्यावर झोपायला का कचरतात, हे सांगणे कोणत्याही पाठ केलेल्या निबंधाहून सरस. वीज गेल्यावर बंद पडणारी लिफ्ट, देवदर्शनाला रोज खाली उतरणे, शेजाऱ्याची ओळख नसणे, हे सारे विषय घरच्या गप्पांतच आहेत.

एक बारीकशी सूचना अगदी पहिल्या प्रश्नासाठी. गाव विचारल्यावर नुसते ‘खंडाळा’ म्हणू नये. बाहेरचा माणूस लोणावळ्याजवळचे थंड हवेचे ठिकाण समजतो आणि पुढचे प्रश्न धबधब्यांवर येतात. ‘सातारा जिल्ह्यातील, पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे’ असे पहिल्याच दमात सांगावे. याच तालुक्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, हेही सांगता आले तर ओळख पुरी होते.

घरच्या सरावाला शिकवणीची गरज नाही. आजीने मराठीत विचारावे, नातीने इंग्रजीत सांगावे आणि आजीला कळले नाही तर हातवाऱ्यांनी, सोप्या शब्दांत पुन्हा सांगावे. पुण्याला जाताना कात्रजचा बोगदा ओलांडला की दोन्ही अंगांनी उंच इमारती सुरू होतात. एसटीच्या खिडकीतून त्यांतली एक निवडावी, एक मिनिट विचार करावा आणि स्वारगेट येण्यापूर्वी दोन मिनिटे मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे. घरी आल्यावर ते दोनदा ऐकावे : पहिल्यांदा वहीत फक्त अडखळलेल्या जागा टिपाव्यात, दुसऱ्यांदा काळाच्या चुका. तीच इमारत आठवड्याने पुन्हा सांगावी, आधीचे ध्वनिमुद्रण न ऐकता.