घरातील पुस्तकांची फळी
(सदर, नागपूर येथील सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे तो कायद्याविषयी बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मला मात्र आज पुस्तकांविषयी बोलावयाचे आहे; आणि माझ्या मते तोही हक्काचाच विषय होय. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. परंतु ज्या बुद्धीला स्वतः निवड करण्याची सवय नाही, तिचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे केवढी गर्दी लोटते, हे आपण पाहिले आहे. दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे परतताना गाठोड्यात पुस्तके नेतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यानंतर पुष्कळ घरांत ती पुस्तके तसबिरीशेजारी मांडली जातात, त्यांच्यावर फुले वाहिली जातात, आणि पाने तशीच मिटलेली राहतात. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पूजेकरिता लिहिलेला नाही. तो वाचावयाचा आहे, आणि शंका आली तेथे थांबून विचार करावयाचा आहे.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नित्य वाचीत बसलेला त्यांना दिसे. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक कोणत्याही परीक्षेस नेमलेले नव्हते. तरीही त्या वाचनाने मनात पडलेले बीज ४९ वर्षांनी याच नागपुरात कसे फळास आले, हे मी आपणांस सांगावयास नको. म्हणून ‘अभ्यासाचे सोडून हे काय वाचतोस?’ असे मुलास विचारण्यापूर्वी आईबापांनी क्षणभर थांबावे.

आता घरात कोणती पुस्तके असावीत? धम्माचा ग्रंथ असावाच; त्याच्या शेजारी नाना तऱ्हेची पुस्तके असावीत. लहान मुलांना जातककथा द्या. दुर्गाबाई भागवतांनी त्या मराठीत आणल्या आहेत. त्यांतील माकडे, हत्ती आणि हरणे मुलांना उपदेशावाचूनही आवडतात. तरुणांना अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ द्या. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली ही १९५९ सालची कादंबरी हाती घेतली की खाली ठेववत नाही. ज्यांना प्रवासवर्णनाची गोडी आहे, त्यांनी धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ वाचावे. बुद्धाचा धर्म जाणून घेण्याच्या ओढीने गोव्यातील घर सोडून हा मनुष्य नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथा घालतो. आपल्याच शहराची गोष्ट हवी असेल, तर वसंत मून यांची ‘वस्ती’ आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी मुद्दाम सुचवितो. त्यांच्या पतीने १८९५ साली पत्नीस न कळविता ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याने घर कसे दुभंगले आणि पुढे कसे सांधले, हे त्या बाईंनी हसत-हसवीत सांगितले आहे. धर्म त्यांचा निराळा. परंतु धर्मांतर झालेल्या घरातील सासू, सून, सण आणि नातेवाईक यांचे प्रश्न आपणांस ओळखीचे वाटतील.

भगिनींनी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची १८८२ सालची ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाचावी. बंधूंनी तर ती अगोदर वाचावी. तिच्या जोडीला बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ठेवा. फलटणला दुकान चालविताना सामान बांधावयाची रद्दी वर्तमानपत्रे या बाई वाचीत. तेथेच बसून त्यांनी आपली कहाणी लिहिली आणि ती कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवली.

या ठिकाणी मला वकील म्हणून एक प्रश्न विचारावासा वाटतो. गावाने आपणांस विद्येपासून दूर ठेवले, म्हणून आपण लढलो. मग आपल्याच घरात सुनेला पुस्तक पदराआड लपवावे लागत असेल, तर दाद कोणाकडे मागावयाची? तिच्यासाठी कोणतेही न्यायालय उघडे नाही. तो निकाल घरच्या माणसांनीच द्यावयाचा आहे.

पैशाची अडचण मी जाणतो. चार घरांनी मिळून महिन्यास एक पुस्तक घ्यावे आणि ते घरोघर फिरवावे. सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हावे. ज्या आईला अक्षर येत नाही, तिला नातीने रात्री जेवणानंतर दोन पाने वाचून दाखवावीत. मात्र कोणते पुस्तक वाचावयाचे, हे त्या आईनेच ठरवावे. तिला आजवर कोणी विचारलेले नाही.