तेलाला दोष, साखरेला माफी
(वसंत व्याख्यानमाला, डिंडोली, सुरत : व्याख्यानाचे शब्दांकन)



आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. अशा दिवसांत जेवणावर बोलायला उभा राहिलो आहे, म्हणून आधीच सांगतो, कुणाचं ताट हिरावून घ्यायला आलेलो नाही. विषय आहे तिशी-चाळिशीतल्या मुरुमांचा. लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली, तरी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखरे फोड येतच राहतात. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘अंगात उष्णता झाली, तळलेलं बंद कर.’ मग शेवभाजी बंद होते, भरितातलं तेल कमी होतं, चहातली साखर मात्र जागची हलत नाही.

चेहऱ्यावरचं तेल कढईतून येत नाही. त्वचेतल्या तैलग्रंथी ते बनवतात, आणि त्या चालतात अँड्रोजेन या संप्रेरकांच्या हुकमावर. ही संप्रेरकं पुरुषांत जास्त, पण बायकांतही असतात. तेल वाढलं, मृत पेशी साचल्या, की छिद्र बुजतं. आत जिवाणू वाढतात, सूज येते.

यात जेवण कुठून शिरतं? साखर, मैदा, पांढरा भात यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते. ती आवरायला शरीर इन्सुलिन सोडतं. हे इन्सुलिन सतत चढं राहिलं, की ते अंडाशयाला जास्त अँड्रोजेन बनवायला लावतं. यकृतात अँड्रोजेनला बांधून ठेवणारं एक प्रथिन तयार होतं, तेही इन्सुलिन कमी करतं. मोकळं सुटलेलं अँड्रोजेन मग तैलग्रंथींपर्यंत पोचतं. भरीला आयजीएफ-१ नावाचा इन्सुलिनचा भाऊबंद त्याच ग्रंथींना चेतवतो.

डॉक्टरांनाही हे मान्य व्हायला वेळ लागला. 1969 साली अमेरिकेत 65 जणांना चॉकलेट देऊन पाहिलं आणि मुरुमांशी त्याचा संबंध नाही असं जाहीर झालं. गंमत अशी, की तुलनेसाठी दिलेल्या चॉकलेटविरहित वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती! तरी पुढे कित्येक वर्षं ‘खाण्याचा संबंध नाही’ हेच शिकवलं गेलं. 2002 साली पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटाचा अभ्यास छापून आला. तिथे कंदमुळं, फळं, नारळ आणि मासे खाणाऱ्या बाराशे लोकांत एकालाही मुरुम आढळला नाही. अर्थात त्यांचं सगळं जगणंच वेगळं, म्हणून तेवढ्यावर निकाल देता येत नाही. 2007 साली मेलबर्नमध्ये 43 तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर सावकाश चढवणारं जेवण घेणाऱ्यांचे फोड सरासरी 23.5 ने घटले, इतरांचे 12 ने.

आता आपल्या डिंडोलीकडे येऊ. धुळे, नंदुरबार, जळगावहून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली आपली माणसं सुरतेच्या उधन्या-पांडेसऱ्यातल्या कारखान्यांत राबतात. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी, रात्रपाळी असली तर जागरण, आणि ताकद टिकवायला चहा. एका कपात दोन चमचे साखर धरा. पाच कपांत सुमारे चाळीस ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम. शिवाय चहाबरोबर खारी किंवा टोस्ट आहेच. अपुऱ्या झोपेनेही साखर पचवण्याची शरीराची ताकद कमी होते, हे 1999 साली शिकागोच्या संशोधकांनी अकरा तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू देऊन दाखवलं.

भाकरीचं काय? नुसती ज्वारीची भाकरी म्हणजे औषध नव्हे, तिच्यातही पिष्ट भरपूर असतं. पण कळण्याच्या भाकरीत उडीद असतो. जोडीला डाळ, पालेभाजी, वांग्याचं भरीत आलं की साखर सावकाश चढते. खानदेशी ताट मुळात शहाणं आहे. ते सोडून आपण पाव-बिस्किटाकडे गेलो, तिथे बिघडलं. आंब्याला फार दोष देऊ नका, पण रसात वरून साखर आणि सोबत चार पुरणपोळ्या हा हिशेब वेगळा.

दूध जरा अवघड प्रकरण आहे. दुधाने रक्तातली साखर फारशी चढत नाही, इन्सुलिन मात्र चांगलंच चढतं. 2020 साली फ्रान्समधल्या चोवीस हजारांवर प्रौढांच्या पाहणीत गोड-चरबीयुक्त पदार्थ, गोड पेयं आणि दूध यांचा मुरुमांशी संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. म्हणून मुलांचं दूध तोडू नका. पण जिममध्ये जाणाऱ्या पोरांनी दुधापासूनच बनणारी व्हे पावडर सुरू केल्यावर पाठीवर फोड आले, तर ती थांबवून बघावी.

खरं तेवढंच सांगायचं, तर मुरुमांच्या उपचारांवरच्या 2024 च्या अमेरिकन मार्गदर्शिकेनेही आहाराविषयी ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं आहे. पथ्य हे उपचाराच्या जोडीला. बारा आठवडे चहाची साखर निम्मी करा, खारी-टोस्टऐवजी फुटाणे खा, आणि मग फरक बघा. चार दिवसांत चेहरा बदलत नाही.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मानेची त्वचा काळवंडत असेल, तर ती पीसीओएस या अंडाशयाशी संबंधित विकाराची खूण असू शकते; डॉक्टरांना दाखवा. शेजारणीने सांगितलेली गोरं करणारी मलमं लावू नका. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं, आणि त्यानेच नवे फोड येतात.

शेवटची विनंती घरातल्या मोठ्यांना. सुनेच्या गालावर फोड दिसला की ‘काय खाल्लंस?’ म्हणून तिची उलटतपासणी घेऊ नका. चहाची साखर घरात सगळ्यांचीच कमी करा. तिच्या एकटीच्या ताटावर पहारा बसवून काही साधणार नाही.