वाढत्या पटाचं काय करायचं?



घटत्या पटावर बोलण्याची आपल्या मुख्याध्यापकांच्या अधिवेशनांना सवय झाली आहे. वीसच्या आतल्या शाळा, समूहशाळा, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन यांवर आपण भरपूर बोललो आणि ते रास्तच होतं. पण पुण्याभोवतीच्या वाघोली, हिंजवडी, चाकण या पट्ट्यातून आलेल्या मुख्याध्यापकांचं दुखणं उलटं आहे. त्यांच्याकडे मुलं येतच राहतात. खोल्या येत नाहीत, शिक्षक येत नाहीत. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आधी पैशाचं बघू. समग्र शिक्षा अभियानात शाळेला संयुक्त अनुदान मिळतं. १०१ ते २५० पटाला ५० हजार, २५१ ते १००० पटाला ७५ हजार. अडीचशेची शाळा हजाराची झाली, तर मुलं चौपट आणि अनुदान दीडपट. म्हणजे मुलामागे वर्षाला २०० रुपये होते, ते ७५ झाले. खडू, वीजबिल, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच. तेही पूर्ण आणि वेळेवर आलं तर! मुलांच्या संख्येबरोबर सरळ वाढतो तो पोषण आहाराचा तांदूळ, प्राथमिकला रोज १०० ग्रॅम. तो शिजवून वाढायचा कुठे, हा प्रश्न मात्र मुख्याध्यापकाचा.

शिक्षकांचं गणित आणखी अवघड. शिक्षणहक्क कायद्यानं ६० मुलांना दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार असा हिशोब घालून दिला आहे. हिशोब वाईट नाही. पण शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता होते ३० सप्टेंबरच्या पटावर, तीही आधार जुळलेल्या मुलांवर, आणि पदं प्रत्यक्ष भरली जाईपर्यंत पुढचं वर्ष उजाडतं. दिवाळीनंतर बांधकामावरच्या आणि कारखान्यांतल्या कामगारांची मुलं दारात उभी राहतात. कायदा सांगतो, दाखला नसला तरी प्रवेश नाकारू नका. योग्यच सांगतो. पण ही मुलं त्या वर्षीच्या संचमान्यतेत नसतात. पट स्थिर असेल तिथे ही पद्धत चालते. वाढत्या शाळेला मात्र ती कायम गेल्या वर्षीच्या मापाचे कपडे शिवते.

आता जागा. नवी वसाहत मंजूर होताना पाणी, सांडपाणी, पार्किंग यांचा हिशोब मागतात. इथे सहा वर्षांची किती मुलं राहायला येतील, हे कोण विचारतं? विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण पडतं खरं, पण नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. कराचंही बघा. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली. गाव शहरात आलं की घरपट्टीसोबत शिक्षणकर लागतो आणि तो राज्याच्या तिजोरीत जातो. पगारांच्या रूपानं तो फिरून येतो, असं उत्तर मिळेल. ते खोटं नाही. पण ज्या सोसायटीनं तो भरला, तिच्या शेजारच्या शाळेत त्यातून खोली उभी राहीलच असं नाही.

मग लोकसहभागाचा सल्ला येतो. वाबळेवाडी आणि जालिंदरनगरच्या शाळांनी लोकसहभागातून आपल्या जिल्ह्यात काय करून दाखवलं, त्याचा मला अभिमान आहे. पण तिथे गाव उभं होतं. दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूंच्या वस्तीकडून वर्गणीची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. कंपन्या देतात, नाही असं नाही. मात्र रंगरंगोटीला आणि डिजिटल फळ्याला देणगीदार मिळतो, शौचालय धुणाऱ्याच्या पगाराला मिळत नाही.

म्हणून दुपारच्या सत्रात ठराव यावा, अशी माझी इच्छा आहे. वाढत्या पटाच्या शाळांची पटमोजणी वर्षातून दोनदा व्हावी आणि दुसऱ्या मोजणीवर तात्पुरती पदं मिळावीत. अनुदान टप्प्यांवर नको, मुलामागे हवं. मोठ्या गृहप्रकल्पाच्या परवानगीआधी शिक्षण विभागाचा अभिप्राय सक्तीचा व्हावा. निवेदनं आपण पुष्कळ दिली. या वेळी आकडे देऊ. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकानं आपल्या शाळेचा जूनचा पट, ३० सप्टेंबरचा पट आणि आजचा पट एका कागदावर लिहून, सही-शिक्क्यासह ठराव समितीकडे द्यावा.